कांचेखालचें बाळपण

वेल म्हटली कीं आधार आठवतो. मांडव, कुंपण, परसांतलें एखादें जुनें झाड, नाहीं तर नुसती रोंवलेली काठी. वेलीला स्वतःचा कणा नाहीं, ती दुसऱ्याच्या खांद्यावर चढते, अशीच आपली समजूत असते. आणि मराठी संसाराच्या बोलण्यांत वेलीची उपमा येते ती बहुधा याच अर्थानें. परंतु मांडवाचा आधार वेलीला लागतो तो मोठेपणीं. त्याच्या आधीं तिला बाळपण असतें, आणि त्या वयांत तिला हवा असलेला आधार निराळाच असतो. तो चढण्यासाठीं नव्हे, जगण्यासाठीं. स्वीट पी या नांवानें जगभर ओळखल्या जाणाऱ्या सुगंधी फुलवेलीचा सव्वातीनशें वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं या दुसऱ्या आधाराचा इतिहास होय. सौम्य हिंवाळ्याच्या देशांत जन्मलेली ही वेल थंड देशांत गेली. तेथें माणसांनीं तिच्या रोपांना छपराखालीं, कांचेखालीं वाढविलें आणि योग्य वेळ येतांच उघड्या वाफ्यांत नेऊन लावलें. गोष्ट एवढीशी आहे. पण तिच्यांत एका संन्याशाचा, एका शाळामास्तराचा, एका आजारी शास्त्रज्ञाचा, कित्येक माळ्यांचा आणि खेडेगांवांतील एका धर्मोपदेशकाच्या पत्नीचा वांटा आहे.

या वेलीचें माहेर म्हणजे भूमध्य समुद्रांतील सिसिली बेट व त्याच्या जवळचा दक्षिण इटलीचा मुलूख. तेथील पावसाचें वेळापत्रक आपल्या अगदीं उलट आहे. उन्हाळा कोरडा व कडक. पाऊस पडतो तो शरदांत आणि हिंवाळ्यांत. स्वीट पीचें बीं वाटाण्याहून लहान, गोल आणि टणक सालीचें असतें. उन्हाळाभर तें तापलेल्या मातींत निपचित पडून राहतें. शरदाच्या सरी आल्या कीं साल मऊ होते व कोंब फुटतो. पुढें सौम्य हिंवाळाभर रोप जमिनीवर फारसें वाढलेलें दिसत नाहीं. त्याची वाढ चालते ती खालीं, मुळांची. वसंतांत मात्र तेंच रोप झपाट्यानें उठतें, पानांच्या टोंकांना असलेल्या बारीक तंतूंनीं शेजारच्या झुडपांना धरून वर चढतें, फुलतें, आणि उन्हाळ्याचा कडाका सुरू होण्यापूर्वीं शेंगा वाळवून मरून जातें. वाळलेली शेंग पीळ खाऊन तडकते व दाणे दूर उडविते. हिंवाळाभर मुळांत शिदोरी बांधावयाची व एका वसंतांत ती उधळून टाकावयाची, असा हा आयुष्यक्रम. तो लक्षांत ठेवावयास हवा. कारण पुढची सारी खटपट माणसांनीं केली ती हाच हिंवाळा या वेलीला परमुलुखांत मिळवून देण्यासाठीं.

सिसिलींतील पालेर्मो शहराजवळ मिसिलमेरी येथें एका सरदाराची वनस्पतींची बाग होती. तिच्याकडे फ्रान्सिस्को कुपानी हा फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी पाहत असे. त्यानें १६९६ सालीं त्या बागेंतील वनस्पतींची लॅटिन भाषेंत यादी छापली. तींत या वेलीची नोंद आहे. फुलें लहान, एका देंठावर थोडींच. वरची पाकळी तांबूस जांभळी, खालच्या निळसर. डोळ्यांत भरावें असें त्यांत फारसें कांहीं नव्हतें. सुगंध मात्र असा कीं एक देंठ घरांत आणला तरी खोली दरवळावी. १६९९ सालीं कुपानीनें तिचें बीं परदेशीं पाठविलें. त्यांतलें कांहीं हॉलंडांत आम्स्टरडॅमच्या कास्पर कॉमेलिन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेलें. त्यानें १७०१ सालीं वेलीचें चित्र प्रसिद्ध केलें. कांहीं इंग्लंडांत डॉ. रॉबर्ट युव्हडेल यांच्याकडे गेलें, आणि तेथूनच या वेलीच्या सासरच्या नांदण्याला आरंभ झाला.

युव्हडेल हे लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथें शाळा चालवीत. परदेशी वनस्पतींचा त्यांना विलक्षण नाद. इंग्लंडांत ज्या मोजक्या लोकांनीं सतराव्या शतकांतच उष्ण देशांतील झाडांसाठीं उबदार वनस्पतिगृहें बांधलीं, त्यांत या शाळामास्तरांची गणना होते. पुढें १७५३ सालीं लिनीअस यानें वेलीला लॅथिरस ओडोरॅटस, म्हणजे सुगंधी लॅथिरस, असें शास्त्रीय नांव दिलें. त्यानें तिचे दोन प्रकार नोंदले, एक सिसिलीचा व दुसरा सिंहलद्वीपाचा. वास्तविक सिंहलद्वीपांत ही वेल रानांत उगवतच नाहीं. पण छापलेली चूक दीर्घायुषी असते. बागकामाच्या पुस्तकांतून हा घोळ पुढें कित्येक वर्षें चालूच राहिला.

सासर थंड मिळालें. इंग्लंडच्या हिंवाळ्यांत कोंवळ्या रोपाला थंडीचें भय असतें, पण तें एकटें असतां मोठें नव्हे. थोडेंबहुत हिंव ही वेल सोसते. खरा वैरी म्हणजे थंडी व ओल यांची जोडी. चिखलांत बीं कुजतें, गोगलगाई कोंब खातात, उंदीर दाणे उकरून नेतात. हें टाळण्यासाठीं वसंतांत पेरावें, तर मुळांना वेळ मिळत नाहीं. दिवस मोठे होतांच वेल घाईनें फुलूं लागते आणि पहिली कोरडी झळ लागली कीं दमून जाते. लवकर पेरावें तर बीं जातें, उशिरां पेरावें तर वेल जाते. या कोंडींतून वाट निघाली ती कांचेची.

आज कांच ही इतकी साधी वस्तु झाली आहे कीं एके काळीं तिच्यावर जबर कर होता हें सांगूनहि खरें वाटत नाहीं. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा कर वजनावर घेतला जाई. त्यामुळें कांचेच्या झांकणाच्या पेट्या व कांचेचीं घरें हीं मुख्यतः श्रीमंतांच्या बागांतच दिसत. मध्यम स्थितींतल्या गृहस्थाला तीं परवडण्यासारखीं नव्हतीं. १८४५ सालीं पील पंतप्रधान असतां हा कर उठला. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १८५१ सालीं, लंडनच्या हाइड पार्कमध्यें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठीं कांचेचा एक प्रचंड महाल उभा राहिला. त्याचा आराखडा करणारा जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळी. चॅट्सवर्थच्या बागेंत झाडांसाठीं कांचगृहें बांधतां बांधतां तो ही विद्या शिकला होता. प्रदर्शन संपल्यावर हा क्रिस्टल पॅलेस लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथें हलविण्यांत आला व १८५४ सालीं पुन्हां उघडला. रोपांसाठीं निघालेली कल्पना अशी महालापर्यंत पोंचली. आणि तोच महाल पुढें या वेलीच्या चरित्रांत दोनदां यावयाचा आहे.

याच काळांत कांचेखालच्या रोपांनीं समुद्रहि ओलांडले. लंडनचे डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलींत नेचा उगवलेला आढळला. त्यावरून त्यांनीं कांचेची बंद पेटी तयार केली. तिच्यांतला ओलावा तिच्यांतच फिरतो आणि खारा वारा आंत शिरत नाहीं. रॉबर्ट फॉर्च्युन यानें १८५१ सालीं चीनमधून हिंदुस्थानांत चहाचें बीं आणलें तें अशाच पेट्यांतील मातींत पेरून. प्रवासांत तें उगवलें, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत बियांऐवजीं रोपेंच पोंचलीं.

परंतु चहाचें रोप स्वतःच्या पायांवर उभें राहतें. वेलीच्या रोपाचा स्वभाव वेगळा. तो शास्त्रीय रीतीनें पारखला चार्लस डार्विन यांनीं, आणि तोहि घरांत बसून. १८५८ सालीं अमेरिकेंतील आसा ग्रे यांनीं काकडीच्या कुळांतील वेलींच्या तंतूंवर एक लहानसा निबंध लिहिला होता; त्यांनींच पाठविलेलें बीं लावून डार्विन यांनीं पाहण्यास सुरुवात केली. पुढें दुखण्यामुळें खोलींतच राहणें भाग पडलें, तेव्हां त्यांनीं हॉप नांवाच्या वेलीची कुंडी त्या उबदार खोलींत ठेवली व रात्रंदिवस तिच्यावर नजर ठेवली. वेलीचा शेंडा स्थिर नसतो. आधार शोधीत तो हवेंत वर्तुळें काढीत असतो. उष्ण दिवसांत हॉपच्या शेंड्याला एका फेऱ्यास सरासरी २ तास ८ मिनिटें लागतात, असें त्यांनीं टिपलें. हीं निरीक्षणें १८६५ सालीं लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकांत व १८७५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. आजाऱ्याच्या खोलींतल्या त्या कुंडीनें वेलीबद्दलची जुनी समजूत बदलावयास हवी होती. वेल केवळ दुबळी म्हणून टेकत नाहीं. ती शोधते, चांचपते, आणि आधाराशीं गांठ पडली कीं त्याला वेढा घालते. कांहीं वेली यासाठीं सारा शेंडाच गुंडाळतात, स्वीट पीसारख्या कांहीं तंतु पुढें करतात. माळ्याच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं कुंडींतल्या कोंवळ्या रोपालाहि वेळेवर काडी दिली पाहिजे. नाहीं तर शेजारशेजारचीं रोपें एकमेकांनाच मिठी मारतात, आणि वाफ्यांत नेतांना त्यांची ताटातूट करतां करतां तीं मोडतात.

इतकें असूनहि एकोणिसावें शतक बरेंच सरेपर्यंत स्वीट पी हें साधेंच फूल राहिलें. १७९३ सालच्या लंडनमधील एका बीं-विक्रेत्याच्या यादींत तिचे अवघे पांच प्रकार आहेत. याचें कारण फुलाच्या रचनेंत सांपडतें. पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही खालच्या होडीसारख्या पाकळ्यांच्या आंत बंद असतात, आणि कळी उमलण्यापूर्वींच परागण आटोपलेलें असतें. मधमाशी येते ती लग्न लागून गेल्यावर. त्यामुळें लेक आईच्याच वळणावर जाते. नवा रंग क्वचित्. दोन प्रकारांचा संकर करावयाचा तर माणसानें कोंवळी कळी उघडून, तिचे पुंकेसर चिमट्यानें काढून, दुसऱ्या फुलाचे पराग हातानें लावले पाहिजेत. एवढ्या कष्टांनीं पदरीं पडते ती एक शेंग, आणि तिच्यांत मूठभरहि नव्हेत इतके दाणे. असा दाणा उंदराच्या तोंडीं द्यावयास कोण धजेल? ज्यांना नव्या जाती निर्माण करावयाच्या होत्या त्यांना कुंडी व कांचेची पेटी ही चैन नव्हती. तो विमा होता.

हें काम ज्यानें आयुष्याच्या उत्तरार्धांत हातीं घेतलें तो हेन्री एकफर्ड १८२३ सालीं स्कॉटलंडांत जन्मला. दुसऱ्यांच्या बागा सांभाळण्यांत त्याची उमेद खर्च झाली. १८७० पासून तो ग्लॉस्टरजवळ डॉ. सँकी या गृहस्थांच्या पदरीं होता, आणि तेथें असतां, पन्नाशीच्या सुमारास, तो या वेलीकडे वळला. १८८२ सालीं त्याच्या 'ब्रॉन्झ प्रिन्स' या जातीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचें प्रशस्तिपत्र मिळालें. १८८८ सालीं श्रॉपशायरमधील वेम या गांवीं तो स्वतःच्या बागेचा धनी झाला. १९०० सालीं, वेल इंग्लंडांत आल्यास दोनशें वर्षें झाल्याच्या निमित्तानें, क्रिस्टल पॅलेसमध्यें प्रदर्शन भरलें. तेथें मांडलेल्या २६४ जातींपैकीं ११५ एकट्या एकफर्डनें तयार केलेल्या होत्या. त्याच वर्षीं या फुलाच्या चाहत्यांची राष्ट्रीय संस्थाहि निघाली. १९०५ सालीं एकफर्ड वारला. पन्नाशींत आरंभ करून एका फुलाचा सारा कुलवृत्तान्त बदलून टाकणारा असा माणूस बागकामाच्या इतिहासांत विरळा.

एकफर्डच्या हयातींतच अमेरिकेंत याच वेलीवर निराळ्या रीतीनें काम झालें, आणि तें केलें एका बाईनें. न्यूयॉर्क संस्थानाच्या उत्तर भागांत दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या एका माणसाची ती बायको. 'पेंटेड लेडी' या जुन्या गुलाबी-पांढऱ्या जातीच्या वेली ती चुनखडीच्या उथळ जमिनींत लावी आणि दरसाल चांगल्यांत चांगल्या वेलींचें बीं राखून ठेवी. असें सुमारें पंचवीस वर्षें चाललें. खडकावरच्या त्या मातींत ज्या वेली तगल्या त्या ठेंगण्या, बळकट व लवकर फुलणाऱ्या निघाल्या. १८८९ सालीं एका व्यापारी पेढीनें ती जात 'ब्लँश फेरी' या नांवानें बाजारांत आणली. संकर व निगराणी यांचें मोल एकफर्डनें दाखविलें. निवड व काटकपणा यांचें मोल या बाईनें दाखविलें. वेलीला दोन्ही लागतात.

१९०१ सालीं आणखी एक नवल घडलें. अर्ल स्पेन्सर यांच्या ऑल्थॉर्प येथील बागेचा मुख्य माळी सायलस कोल यानें 'काउंटेस स्पेन्सर' ही जात लोकांपुढें मांडली. तिची वरची पाकळी सपाट नसून झालरीसारखी लहरदार होती. जवळजवळ त्याच वेळीं असाच बदल केंब्रिजजवळ हिस्टन येथें अन्विन यांच्या बागेंतहि आपोआप झालेला आढळला. शास्त्रज्ञहि मागें राहिले नाहींत. मेंडेलनें पूर्वीं वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग केले, तेव्हां कांहीं वेली मठाच्या बागेंत न लावतां त्यानें कुंड्यांतून कांचगृहांत ठेवल्या होत्या. बागेंतल्या किड्यांमुळें निष्कर्ष बिघडला नाहीं ना, याचा पडताळा पाहण्यासाठीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटसन, पनेट व सॉन्डर्सबाई यांनीं स्वीट पी हातीं घेतली. पांढऱ्या फुलांच्या दोन वेलींचा संकर केला असतां लेकीचीं फुलें जांभळीं निघालीं. म्हणजे रंगाला दोन घटक लागतात, आणि एकेका आईबापाकडे एकेकच होता. फुलाचा रंग व परागकणाचा आकार हे गुण बहुधा जोडीनेंच पुढच्या पिढींत उतरतात, हेंहि याच वेलीनें प्रथम दाखविलें.

या सर्व खटाटोपांतून रोपें वाढविण्याची एक पद्धति ठरून गेली. ऑक्टोबर महिन्यांत पांच इंच तोंडाच्या कुंडींत सातआठ दाणे अर्धा इंच खोल पुरावयाचे. ज्या दाण्याची साल फार टणक, तिला चाकूच्या टोंकानें किंचित् खांच पाडावयाची. उंदरांनीं शिवूं नये म्हणून जुने माळी बियांना शेंदूर चोळीत. आपल्याकडे मारुतीला लावतात तोच हा शिशाचा शेंदूर. तो विषारी असल्यानें ही चाल पुढें मागें पडली. कुंड्या कांचेच्या झांकणाच्या पेटींत ठेवावयाच्या, पण त्या पेटीला ऊब द्यावयाची नाहीं. कोंब वर येईपर्यंत झांकण बंद. कोंब दिसले कीं तें दिवसां उघडें. कडाक्याचें हिंव किंवा मुसळधार पाऊस असला तरच तें लावून घ्यावयाचें. रोपाला पानांच्या दोनतीन जोड्या आल्या कीं शेंडा खुडावयाचा, म्हणजे बुडाशीं नवे, अधिक जोमदार फुटवे येतात.

नवशिक्या माणसाची चूक होते ती येथें. कोंवळें आहे म्हणून तो रोपाला उबदार खोलींत ठेवतो. खिडकींतला उजेड एका बाजूनें येतो, ऊब चोहोंकडून मिळते. मग रोप उजेडाकडे मान लांबवून उंच, फिकें व लडबडीत वाढतें. पाहणाऱ्याला वाटतें वाढ चांगली आहे. पण ती वाढ नव्हे, तो जीव घेऊन केलेला धांवा असतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारींत घरांत पेरणारे जाणते लोकहि कुंड्या थंड, उजेडाच्या खोलींत ठेवतात व रोज फिरवतात. कांच ही थंडी घालविण्यासाठीं नसते. थंडीतला चिखल, उंदीर व गोगलगाय यांना बाहेर ठेवण्यासाठीं असते. सिसिलीचा हिंवाळा थंडच असतो. तो क्रूर नसतो एवढेंच. कुंडीला हवा असतो तो असा हिंवाळा.

मग येतो निरोपाचा काळ. मार्चच्या सुमारास कुंड्या दिवसां बाहेर व रात्रीं आंत. पुढें कांहीं रात्री बाहेर. वारा लागूं द्यावयाचा, ऊन लागूं द्यावयाचें, पाणी बेतानें. पानें जाड व गर्द हिरवीं झालीं कीं रोप तयार झालें असें समजावयाचें. खोल खणून, खत घालून तयार ठेवलेल्या चरांत मुळांची मोडतोड न करतां तें लावावयाचें व लगेच काठी द्यावयाची. जें रोप पेटींतून एकदम वाऱ्यावर येतें तें आठवड्यांत मान टाकतें. जें हळूहळू आलें तें पहिल्या दिवसापासून काठी धरतें.

या साऱ्या शिकवणीची जाहीर परीक्षा झाली ती १९११ सालीं. लंडनच्या 'डेली मेल' या दैनिकानें स्वीट पीच्या उत्कृष्ट गुच्छाला एक हजार पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. त्या काळीं एवढ्या रकमेंत घर विकत घेतां येई. तीस हजारांहून अधिक गुच्छ आले आणि जुलै महिन्यांत क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडले गेले. त्या वर्षाचा उन्हाळा इंग्लंडांत असह्य होता. दक्षिणेकडच्या बागांतल्या कोंवळ्या पाकळ्या होरपळत होत्या. स्कॉटलंडच्या सरहद्दीवर, ट्वीड नदीच्या कांठीं, केल्सो गांवाजवळ स्प्राउस्टन नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथील धर्मोपदेशक डेनहोम फ्रेझर व त्यांच्या पत्नी यांनीं आपापल्या नांवें एकेक गुच्छ पाठविला. गुच्छ बारा देंठांचा. तीनशें मैलांहून अधिक आगगाडीचा प्रवास करून तो टवटवीत पोंचला पाहिजे. आणि असा देंठ फक्त खोल मुळांची, हिंवाळाभर तयार झालेली वेलच देऊं शकते. तीस हजारांतून पहिलें बक्षीस मिळालें श्रीमती फ्रेझर यांना. तिसरें मिळालें त्यांच्या पतीला. बक्षिसाचा पैसा त्यांनीं गांवच्या चर्चचा वेदीकडील भाग बांधण्यासाठीं दिला. फुलें आठवड्यांत सुकलीं असतील. त्यांच्यांतून निघालेलें दगडी बांधकाम मागें राहिलें.

त्यानंतर तीन वर्षांत पहिलें महायुद्ध पेटलें व अशा स्पर्धांचे दिवस गेले. क्रिस्टल पॅलेस १९३६ सालीं आगींत जळून खाक झाला. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या घरोघरच्या बागांत फुलांच्या जागीं बटाटे व कोबी आले. पण वेल टिकली, कारण तिचें बीं कोणत्या तरी डबींत शिल्लक राही आणि दर शरदांत कोणाच्या तरी खिडकीजवळ एखादी कुंडी भरली जाई.

आपल्याकडे ही वेल इंग्रजी अमदानींत बंगल्यांच्या बागांतून रुजली. पुण्यासारख्या ठिकाणीं पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, तिचें बीं जागेवरच पेरतात. जानेवारी-फेब्रुवारींत ती फुलते आणि मार्चचें ऊन लागतांच आटोपते. येथें कांचेची पेटी कोणी वापरीत नाहीं, आणि तिचें कारणहि नाहीं. दख्खनचा कोरडा, गार हिंवाळा हाच सिसिलीच्या हिंवाळ्याची बरीचशी जागा भरून काढतो. कांच म्हणजे त्या हिंवाळ्याची नक्कल होती. जेथें अस्सल वस्तु फुकट मिळते तेथें नकलेचें काय काम? आपल्या विदर्भांत पिकणारी लाखेची डाळ ही या वेलीची जवळची नातलग आहे. ती सतत व मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात, हा कलायखंज रोग आयुर्वेदालाहि ठाऊक होता. स्वीट पीचे दाणेहि विषारी असतात. तेव्हां ज्या घरांत मुलें आहेत तेथें तिच्या शेंगा वाटाणा समजून कोणी तोंडांत घालणार नाहीं, याची काळजी घ्यावी.

या वेलीला निसर्गानें जवळजवळ सारे रंग दिले, गर्द पिवळा तेवढा दिला नाहीं. तो मिळविण्याची आशा १९८७ सालीं पुन्हां पालवली. तुर्कस्तानांत अंताल्या प्रांतांतील बेलिन गांवाजवळ लॅथिरसची एक अज्ञात जात सांपडली. तिच्या फुलांत तांबड्याबरोबर स्वच्छ पिवळा रंग होता. न्यूझीलंडचे कीथ हॅमेट यांनीं स्वीट पीशीं तिचा संकर साधला, त्यांतून रंगांच्या नव्या छटा आल्या, पण गर्द पिवळी स्वीट पी अद्यापि कोणाच्या हातीं लागलेली नाहीं. दरम्यान त्या तुर्की वेलीवरच संकट आलें आहे. तिच्या मूळ जागेवर मातीकाम झालें, आणि रानांत ती आतां अगदीं थोड्या ठिकाणीं उरली आहे. हौशी लोकांच्या कुंड्यांत मात्र ती देशोदेशीं सुखानें वाढते.

पूर्वीं प्रश्न असा होता, कीं बाहेरच्या जगांत टिकण्याइतकें बळ रोपाला घरांत कसें द्यावें. तो प्रश्न संन्याशापासून धर्मोपदेशकाच्या पत्नीपर्यंत अनेकांनीं सोडविला. आतां प्रश्न फिरला आहे. घरांत रोप तयार आहे. पण ज्या बाहेरच्या जागेंत त्याला परत न्यावयाचें ती जागा राहिली पाहिजे. कुंडी कितीहि चांगली असली तरी ती बाळपणापुरती. वेलीचें आयुष्य सुरू होतें तें कुंडींतून बाहेर पडून मातींत मूळ धरल्यावर.